दीर्घ पल्ल्याची तयारी आणि नवशिका



ट्रायथलॉन हा शब्द आता वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर वरचेवर दिसू लागला आहे. पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तीन क्रिया मध्ये न थांबता एकापाठोपाठ एक करावयाच्या, असे या स्पर्धेचे साधे स्वरूप आहे. अंतरे मात्र निरनिराळी असतात. सन २००० मध्ये सिडनी येथे या खेळाचा ऑलिंपिकमध्ये प्रथम समावेश झाला, तेव्हा दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धाव असा क्रम होता. आजचा विषय याहून पुष्कळ लांबच्या स्पर्धेचा आहे. तिच्यात ३.८ किलोमीटर पोहावे लागते, १८० किलोमीटर सायकल चालवावी लागते आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटरांची पूर्ण मॅरेथॉन धावावी लागते. तीतही येथे विचार करावयाचा आहे तो या वाटेवर प्रथमच पाऊल टाकणाऱ्या माणसाच्या तयारीचा. कसलेल्या खेळाडूची काळजी वाहणारे प्रशिक्षक व वैद्य असतात. नवशिक्याला आवरणारे कोणी नसते, आणि त्याचे नुकसान बहुधा आळसामुळे होत नाही, उत्साहामुळे होते.

या स्पर्धेचा जन्म एका वादातून झाला. हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर १९७७ साली धावण्याच्या एका शर्यतीचा पारितोषिक समारंभ चालला असता, पोहणारा अधिक तंदुरुस्त की धावणारा, असा प्रश्न निघाला. अमेरिकन नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी त्यात सायकलस्वाराचीही बाजू मांडली आणि बेटावर चालत आलेल्या तीन स्वतंत्र शर्यती एकाच दिवशी जोडून निकाल लावावा असे सुचविले. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण पाण्यात उतरले, त्यांपैकी १२ जणांनी शेवट गाठला. गॉर्डन हॅलर यांनी ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला क्रमांक मिळविला. दुसरे आलेले जॉन डनबार बराच वेळ आघाडीवर होते. परंतु धावताना त्यांच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले व त्यांनी बिअर पुढे केली, अशी हकीकत सांगितली जाते. पुढील वर्षी लिन लमेअर या पहिल्या महिलेने स्पर्धा पूर्ण केली.

ही अंतरे एकत्र वाचली की सामान्य माणूस दचकतो. त्यांना वेळेची जोड दिली म्हणजे चित्र पालटते. या स्पर्धेसाठी साधारणपणे १७ तासांची मुदत असते. एखाद्याने दोन तासांत पोहणे आटोपले, ताशी २५ किलोमीटर वेगाने सायकल चालविली आणि मॅरेथॉनचा प्रत्येक किलोमीटर नऊ मिनिटांत, म्हणजे झपझप चालण्याच्या गतीने, पार केला तर कपडे बदलण्याचा वेळ धरूनही तो १६ तासांच्या आत येतो. अभिनेते मिलिंद सोमण यांनी वयाच्या पन्नासाव्या वर्षी, जुलै २०१५ मध्ये, झुरिच येथील स्पर्धा १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली, ती जवळपास याच हिशेबात बसते. (ते तरुणपणी राष्ट्रीय पातळीवरील जलतरणपटू होते, हे मात्र त्यांचे उदाहरण पुढे करणारे बहुधा विसरतात.) या हिशेबातील एकही गती अचाट नाही. अवघड आहे ते सोळा तास ती टिकविणे. आणि ते का अवघड आहे, हे शरीरातील इंधनाचा जमाखर्च पाहिल्यावाचून समजत नाही.

स्नायू आणि यकृत यांत ग्लायकोजेनच्या रूपाने साठविलेल्या कर्बोदकांपासून साधारण २,००० किलोकॅलरी मिळतात. या स्पर्धेचा एकूण खर्च ८,००० ते १०,००० किलोकॅलरींच्या घरात जातो. वाटेत खावे म्हटले तर आतड्यांची ग्रहणशक्तीही मर्यादित आहे. ग्लुकोज तासाला सुमारे ६० ग्रॅमपर्यंतच शोषले जाते, म्हणजे २४० किलोकॅलरी. उरलेली तूट भरून काढावयाची ती चरबीतून. चरबीची कोठारे सडपातळ माणसाच्या अंगातही भरलेली असतात, कारण एका किलोपासून ७,००० हून अधिक किलोकॅलरी मिळतात. पण या कोठाराचे दार अरुंद आहे. श्रम सौम्य असतील तोवर शरीर चरबी जाळते. श्रम तीव्र झाले की ते ग्लायकोजेनकडे वळते आणि तो साठा काही तासांत संपतो. दीर्घकाल आणि मंद गतीने केलेल्या सरावाचे मुख्य फळ हे की, हळूहळू तेच काम अधिक चरबी व कमी ग्लायकोजेन वापरून होऊ लागते. सरावाचा बहुतेक भाग, बरोबरच्या माणसाशी धाप न लागता पूर्ण वाक्ये बोलता येतील अशा गतीने करावा, या सांगण्यामागे हे कारण आहे.

हा उपदेश नवशिक्याला अपमानास्पद वाटतो. घाम गाळल्यावाचून व्यायाम कसला, अशी आपली समजूत असते. तेव्हा मार्क ॲलन यांची हकीकत सांगणे योग्य होईल. सरावात नेहमी जोराने धावणाऱ्या या अमेरिकन खेळाडूला हृदयाचे ठोके मिनिटाला १५५ च्या वर जाऊ देऊ नयेत, असा सल्ला मिळाला. ती मर्यादा पाळताच त्यांची गती मैलाला सव्वाआठ मिनिटांपर्यंत खाली आली. त्यांच्यासारख्या धावपटूला हे लाजिरवाणेच होते. परंतु सुमारे वर्षभराने त्याच ठोक्यांवर ते मैल साडेपाच मिनिटांच्या आत धावू लागले. हवाईच्या स्पर्धेत सहा वेळा अपयश घेऊन १९८९ साली त्यांनी सहा वेळचे विजेते डेव्ह स्कॉट यांना ५८ सेकंदांनी मागे टाकले, आणि पुढे स्वतःही एकूण सहा वेळा ती स्पर्धा जिंकली. विजयाची कारणे अनेक असतात, सारे श्रेय एका नियमाला देणे बरे नव्हे. तथापि सावकाश सरावाने माणूस मंद होतो, ही भीती दूर होण्यास एवढे उदाहरण पुरेसे आहे.

सावकाशीला आणखी एक कारण आहे आणि नवशिक्याच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे. शरीराचे सर्व भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. सराव सुरू केल्यावर आठवड्याभरातच रक्तद्रवाचे प्रमाण वाढू लागते. दीड-दोन महिन्यांत स्नायूंतील तंतुकणिका वाढून त्यांची ऊर्जानिर्मितीची शक्ती चांगलीच सुधारते. माणसाला वाटते, आपण आता तयार झालो. परंतु कंडरा आणि हाडे यांना बळकट होण्यास कित्येक महिने लागतात. धाप लागेनाशी झालेली असते, पाय मात्र अजून कच्चे असतात, असा हा मधला काळ मोठा फसवा. पहिल्या उत्साहात रोज धावण्याचे अंतर वाढवीत गेलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घोट्यामागची कंडरा दुखते म्हणून किंवा नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली म्हणून घरी बसतो. दर आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये, असा एक नियम प्रचलित आहे. त्याला शास्त्रीय सिद्धांत म्हणता येणार नाही; पण घाई करणाऱ्याच्या हाताला धरून ठेवण्यापुरता तो उपयोगी पडतो. दर तीन आठवड्यांनंतर चौथा आठवडा हलका ठेवण्याची पद्धतही अशीच अनुभवातून आलेली आहे.

आता पोहण्याविषयी. भारतातील नवशिक्याची खरी अडचण येथे असते. पुष्कळ गावांत तरणतलाव नाही. विहिरीत अथवा नदीत पोहायला शिकलेल्या माणसाला तरंगता उत्तम येते, पण पाण्यात तोंड बुडवून लयीने श्वास घेत दोन तास जाणे ही निराळी विद्या आहे. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असल्यामुळे येथे बळापेक्षा अंगाची ठेवण अधिक कामाची. पाय खाली लोंबत असतील तर बलवान माणूसही थकतो. प्रौढ वयात ही विद्या येत नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे. मिहिर सेन कायद्याच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांना पोहण्याचा फारसा अनुभव नव्हता. इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या फ्लॉरेन्स चॅडविक यांच्याविषयी वाचून त्यांनी ध्यास घेतला, फ्रंट क्रॉल शिकून घेतला, अनेक प्रयत्नांत अपयश पचविले आणि २७ सप्टेंबर १९५८ रोजी १४ तास ४५ मिनिटांत खाडी पार केली. ते पहिले भारतीय होते.

पाण्याचा धोका मात्र हलका मानू नये. अमेरिकेतील ट्रायथलॉनमध्ये १९८५ ते २०१६ या काळात मृत्यू वा हृदयक्रिया बंद पडणे अशा १३५ घटना नोंदल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश पोहण्याच्या टप्प्यात घडल्या. भाग घेणाऱ्यांच्या संख्येशी तुलना करता हे प्रमाण अल्प, एक लाखामागे दोनाहूनही कमी आहे. पण पुरुषांत वयाबरोबर ते वाढत जाते. चाळिशी उलटलेल्याने सराव आरंभण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी आणि उघड्या पाण्यात कोणीही एकट्याने उतरू नये, ही दोन पथ्ये म्हणूनच सक्तीची समजावीत. छातीत दुखणे, भोवळ येणे अशी लक्षणे दिसली तर सराव तेथेच थांबवून वैद्याकडे जावे.

सायकलीविषयी थोडक्यात सांगता येईल. महागड्या सायकलीपेक्षा बैठकीची उंची स्वतःच्या मापाने लावलेली साधी सायकल गुडघ्यांना अधिक सुखावह ठरते. आपल्या रस्त्यांवर पहाटेची वेळ त्यातल्या त्यात बरी. दिवा आणि शिरस्त्राण नेहमीच हवे. सायकलीवरून उतरून ताबडतोब पंधरा-वीस मिनिटे धावण्याचा जोडसराव आठवड्यातून एकदा करावा. प्रथम पाय जणू दुसऱ्याचेच आहेत असे वाटते. ते वाटणे पुरते जात नाही, पण त्याची सवय होते.

खाण्यापिण्याचा सरावही सरावाचाच भाग आहे. पाणी, साखर आणि मीठ यांचा संबंध भारतीय वाचकाला एका वेगळ्या कारणाने ओळखीचा आहे. सन १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली, शिरेतून देण्याचे द्रव अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज यांचे पाणी रुग्णांना तोंडाने पाजले व असंख्य प्राण वाचविले. आतड्याच्या आवरणातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत जातात व पाठोपाठ पाणी खेचले जाते, हे त्यामागील तत्त्व. सायकलीच्या बाटलीतले साखर-मिठाचे पाणी याच तत्त्वावर काम करते. नुसते पाणी भरमसाट पिण्यात मात्र धोका आहे. टिम नोक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली, सात तासांहून लांब चाललेल्या शर्यतींत अतिरिक्त पाण्यामुळे रक्तातील सोडियम घटून आजारी पडलेल्या चार खेळाडूंची माहिती प्रसिद्ध केली. त्यापूर्वी जितके अधिक पाणी तितके चांगले असेच मानले जाई. लांबच्या सरावाआधी व नंतर वजन करावे. ते थोडे कमी भरणे स्वाभाविक आहे. वाढलेले भरले तर पाणी जास्त झाले असे समजावे.

फेब्रुवारी १९८२ मधील एक प्रसंग चित्रवाणीमुळे जगभर पोहोचला. ज्युली मॉस ही विद्यार्थिनी आपल्या शरीरशास्त्राच्या प्रबंधासाठी म्हणून हवाईच्या स्पर्धेत उतरली होती. ती सर्व महिलांच्या पुढे असताना अंतिम रेषेच्या अलीकडे कोसळली, पुनःपुन्हा उठली, पुनःपुन्हा पडली. कॅथलीन मॅकार्टनी तिला ओलांडून गेली आणि ज्युलीने रांगत, २९ सेकंदांनी, रेषा गाठली. त्या चित्राने हजारोंना या खेळाकडे ओढले. तिच्या जिद्दीला कोणीही मान देईल. परंतु प्रशिक्षकाच्या नजरेने पाहिले तर त्या शेवटच्या क्षणांत दिसते ते संपलेले इंधन. नवशिक्याने घरात लावावयाचे चित्र ते नव्हे.

नोकरी व संसार सांभाळून आठवड्याला आठ-दहा तास देणाऱ्याने या स्पर्धेसाठी निदान एक वर्ष, आणि पोहणे मुळीच येत नसेल तर दोन वर्षे, हाताशी ठेवावीत. मध्ये अर्ध्या अंतराची स्पर्धा करून पाहणे शहाणपणाचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर अशी स्पर्धा झाली, १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धाव. ऑक्टोबरातल्या दमट हवेने स्पर्धकांची जी परीक्षा पाहिली असेल, ती थंड देशातल्या पुस्तकांत सापडणार नाही. उष्म्याशी जुळवून घेण्यास शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. थंड प्रदेशातून येणाऱ्याने तेवढे दिवस आधीच राखून ठेवावेत. झोपेचे तास कापून सरावाचे तास वाढवू नयेत. झीज भरून येते ती झोपेत. घरच्यांचे रविवारही याच हिशेबात धरावे लागतात, कारण सहा तासांची सायकलफेरी एकट्याच्या वेळातून निघत नसते.

शेवटचे दोन-तीन आठवडे सराव निम्म्यापर्यंत उतरवावा लागतो. मिळविलेली शक्ती एवढ्या काळात ओसरत नाही, उलट थकवा उतरतो. तरी नवशिक्याला याच दिवसांत सर्वांत अस्वस्थ वाटते आणि राहिलेली उणीव भरून काढण्यासाठी तो एखादी लांब धाव चोरून उरकतो. त्याने तो वेळ सामान तपासण्यात घालवावा. स्पर्धेच्या दिवशी नवे जोडे, नवे खाद्य, नवी खोगीर यांपैकी काहीही प्रथम वापरू नये. पोहण्याचे चष्मे मात्र दोन असावेत. एकाचा पट्टा ऐन वेळी तुटतोच.