मऊ आवाजाची ओवी ऐकू यावी म्हणून

 

आज आम्ही गटातल्या बाया एका यंत्राबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव कॉम्प्रेसर. पंक्चरवाल्याकडे हवा भरायला असतो तो नव्हे, आणि फ्रिजच्या मागे असतो तोही नव्हे. हा आवाजाचा कॉम्प्रेसर. गाणं रेकॉर्ड करताना आणि रेडिओवर लावताना वापरतात तो.

यंत्राबद्दल बोलायचं कारण मात्र घरातलंच आहे. जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायला बसलं, की एक वाक्य हमखास कानावर येतं : "आजीला नको घेऊ, तिचा आवाज लागत नाही. सुनेला घे, तिचा खणखणीत आहे." मग जिला रात्रभर पुरतील एवढ्या ओव्या पाठ आहेत ती मागे सरकते, आणि जिला चार-पाच येतात ती माइकपुढे येते. आवाज मऊ म्हणून ओवीच राहून जाते. ही गोष्ट आम्हाला खटकते, म्हणून आजचा हा विषय.

आपल्या या भागाला ओव्यांचं मोठं देणं आहे. मूळचे फ्रान्सचे असलेले गी प्वातवां आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनी इथल्या डोंगरी गावांतल्या गरीब डोंगरी संघटनेच्या बायांबरोबर काम करता करता जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. मुळशी, मावळ, वेल्हे अशा भागांतून सुरू झालेलं हे काम पुढे महाराष्ट्रभर पसरलं. हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. ओवी कुणी गायली, ती कुठल्या गावची, हेही लिहून ठेवलं. पुढे बर्नार्ड बेल यांनी आवाज रेकॉर्ड करायचं आणि ते नीट लावून ठेवायचं काम हाती घेतलं. आता त्यातल्या ओव्या 'पारी' या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात.

कागदावरची ओवी आणि कानावरची ओवी यांत फरक असतो, हे तुम्हाला सांगायला नको. पहिली ओळ ओढून म्हणायची, दळण घालायला हात थांबला की थोडं थांबायचं, बापाचं नाव आलं की आवाज खाली जायचा, भावाचं आलं की वर चढायचा. हे लिहून घेता येत नाही. १९२१ साली मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह झाला, त्यात इथल्या बायाही उतरल्या होत्या. त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकता येत नाही. तेव्हा खेड्यात कुणाकडे टेप नव्हता. आज मात्र प्रत्येक घरात फोन आहे. आता जो आवाज राहून जाईल, तो आपण घेतला नाही म्हणून राहून जाईल.

आता यंत्राकडे येऊ. तुम्ही चुलीवर दूध ठेवता. दूध वर यायला लागलं की लाकूड मागे ओढता, खाली बसलं की पुन्हा आत सारता. रेडिओच्या जुन्या काळात आवाजाचंही असंच करत. एक माणूस बटणावर हात ठेवून बसायचा. बोलणारा मोठ्यानं बोलला की बटण खाली, हळू बोलला की वर. सगळा वेळ कान आणि हात कामाला लागलेले. कॉम्प्रेसर हे काम आपण होऊन करतो. मोठा आवाज आला की तो दाबतो. त्यामुळे मोठा आणि लहान यांतलं अंतर कमी होतं, आणि मग सगळाच आवाज थोडा वर उचलता येतो. हळू म्हटलेली ओळही ऐकू येते.

कॉम्प्रेसरचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यातला एक गाणाऱ्याच्या गळ्यासाठी फार नावाजलेला आहे. त्याला ट्यूब ऑप्टिकल कॉम्प्रेसर म्हणतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावी जिम लॉरेन्स नावाच्या इंजिनिअरनं टेलेट्रॉनिक्स या आपल्या कंपनीत १९६०च्या दशकात तो बाजारात आणला. यंत्राचं नाव एलए-टू-ए. इतकी वर्षं झाली, तरी स्टुडिओवाले अजून ते शोधतात.

नावातली ट्यूब म्हणजे काचेची नळी. आजोबांच्या काळातला मोठा रेडिओ आठवा. लावला की लगेच बोलायचा नाही. आत काचेचे दिवे लाल व्हायचे, तापायचे, मग गाणं सुरू व्हायचं. त्याच त्या नळ्या. इथे त्या आवाजाला जोर देतात.

ऑप्टिकल म्हणजे उजेडाचा. या यंत्रात एका बंद डबीत उजेड देणारी एक छोटी पट्टी असते आणि तिच्यासमोर उजेड ओळखणारा एक तुकडा. आवाज जितका मोठा, तितकी पट्टी जास्त उजळते. पट्टी उजळली की तो तुकडा आवाजाची वाट कमी करतो. म्हणजे गाणारीचा आवाजच दिवा लावतो आणि तो दिवाच आवाजाला आवर घालतो. बाहेर फक्त दोन मुख्य बटणं : एक किती दाबायचं त्याचं, दुसरं दाबून झाल्यावर किती उचलायचं त्याचं. मध्ये एक सुई, किती दाबलं ते दाखवायला.

आता यातली खरी खुबी. भर दुपारी शेतातून माजघरात शिरलं की काही क्षण काहीच दिसत नाही. डोळे सावकाश सरावतात, आणि उन्हात जितका वेळ जास्त, तितकं सरावायला जास्त लागतं. त्या तुकड्याचं तसंच आहे. दाबायचं काम तो सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात करतो. सोडताना मात्र अर्धा दाब झटकन सोडतो, आणि उरलेला हळूहळू, अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत वेळ घेऊन. झटका बसत नाही. म्हणून ओढून म्हटलेल्या सुराला हा प्रकार मानवतो. ओवी ही ओढूनच म्हणायची असते, हे आपल्याला माहीतच आहे.

हे खरं यंत्र काही लाखांना मिळतं. आपल्याला ते घ्यायचं नाही आणि त्याची गरजही नाही. कॉम्प्युटरवर फुकट मिळणाऱ्या ऑडॅसिटीसारख्या प्रोग्राममध्ये कॉम्प्रेसर असतो. तो उजेडावर चालत नाही, पण हळू सोडायला सांगितलं तर तसाच मऊ वागतो. तीनास एक असं प्रमाण ठेवा, मोठ्या ओळींनाच तीन ते पाच डेसिबल दाब बसेल इतपत लावा, आणि सोडायचा वेळ सेकंदाच्या आसपास ठेवा. सुरुवातीला एवढं पुरे.

पण मैत्रिणींनो, या यंत्राला काय जमत नाही, ते जास्त महत्त्वाचं आहे.

पहिली गोष्ट. एका माइकपुढे सासू-सून दोघी बसल्या, सुनेचा आवाज मोठा, सासूचा मऊ. कॉम्प्रेसर लावला तर सासू वर येईल का? नाही. सून म्हणायला लागली की यंत्र दोघींनाही दाबतं. कोण मोठी, कोण मऊ, हे त्याला कळत नाही. त्याला फक्त एकत्र आलेला आवाज कळतो. म्हणून आधी माइक सासूच्या जवळ सरकवायचा आणि सुनेला हातभर मागे बसवायचं. आवाजाचा न्याय आधी बसण्याच्या जागेत होतो, यंत्रात नंतर.

दुसरी गोष्ट. हळू आवाज वर उचलला की त्याच्याबरोबरचं सगळंच वर येतं. पंखा, कोंबड्या, बाहेरची मोटारसायकल, आणि जात्याची घरघर. जास्त दाबलं तर ओवी संपून आजी श्वास घेते तेवढ्यात जातं अंगावर आल्यासारखं मोठं होतं, आणि पुढची ओळ आली की पुन्हा मागे जातं. ऐकणारीला दमायला होतं. जात्याची घरघर हवीच, तिच्याशिवाय ओवी उघडी वाटते. पण ती तिच्या जागी हवी.

तिसरी गोष्ट. फार दाबलं की ओवी सपाट होते. बापाच्या नावाला खाली गेलेला आवाज आणि भावाच्या नावाला चढलेला आवाज एकाच उंचीवर येतात. शब्द सगळे ऐकू येतात आणि बाई मात्र ऐकू येत नाही. जाहिरातीला हे चालतं. आपल्या आजीला चालणार नाही.

म्हणून रेकॉर्ड करताना आम्ही काय करतो, ते सांगतो. सकाळची शांत वेळ धरतो. पंखा बंद. फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर फ्लाइट मोड लावतो, म्हणजे मध्येच कुणाचा फोन येत नाही. जात्याखाली गोणपाटाची जाड घडी घालतो, कारण जात्याचा हादरा जमिनीतून येतो. फोन किंवा माइक जमिनीवर ठेवत नाही. पाटावर गोधडीची घडी करून तोंडाच्या उंचीला आणतो, आणि मऊ आवाजाच्या बाईपासून दीड वीत लांब ठेवतो. आधी तिला तिची सगळ्यात मोठी ओळ म्हणायला सांगतो. त्या ओळीला आवाज फाटला नाही, तर पुढे फाटणार नाही. एकदा फाटलेला आवाज कुठल्याच यंत्रानं पुन्हा नीट सांधता येत नाही.

मग रेकॉर्डिंगच्या दोन प्रती करतो. भात झोडपून झालं की आंबेमोहोराचं बियाणं आपण वेगळं बांधून ठेवतो. कितीही अडचण आली तरी ते कांडत नाही. तशी पहिली प्रत बियाण्याची. तिच्यावर काहीच करायचं नाही. खोकला आला तर खोकला राहू द्या, नातू मध्येच रडला तर रडणं राहू द्या. दुसरी प्रत खाण्याची. ती रेडिओसाठी. तुम्ही आमचा कार्यक्रम ऐकता तेव्हा फोडणी चाललेली असते, नळ वाहत असतो, रेडिओ खिडकीत असतो. तिथे मऊ ओळ हरवू नये म्हणून या दुसऱ्या प्रतीवर कॉम्प्रेसर लावायचा, आणि हलक्या हातानं लावायचा. उद्या कुणाला याहून चांगली रीत सापडली तर बियाणं शाबूत आहे.

आणि शेवटचं बटण आजीच्या हातात द्यायचं. दोन्ही प्रती तिला ऐकवायच्या. "यात तुमचा आवाज तुमच्यासारखा वाटतो का?" असं विचारायचं. ती म्हणाली, "हे गुळगुळीत झालंय," तर दाब कमी करायचा. ती म्हणाली, "ही ओवी घरातली आहे, बाहेर नको," तर ती लावायची नाही. नाव-गाव सांगायला तिची हरकत नसेल, तर सुरुवातीलाच तिच्याच तोंडून सांगून घ्यायचं. प्वातवां आणि राईरकर यांनी गाणारीचं नाव ओवीपासून तुटू दिलं नाही, हे आपण त्यांच्याकडून घ्यायचं.

आता गावोगाव पिठाची गिरणी आहे. जातं लग्नात हळद दळायला, पूजेला बाहेर निघतं, आणि मग कोपऱ्यात जातं. म्हणून पुढच्या बैठकीत हिशेबाची वही मिटली की एक काम करा. आपल्या वाडीत सगळ्यात मऊ आवाजात कोण गाते, ते एकमेकींना विचारा. खणखणीत आवाजाची बाई आपण होऊन पुढे येईलच. मऊ आवाजाच्या बाईकडे आपल्याला जावं लागतं. तिच्याजवळ बसा, पंखा बंद करा, आणि फोन दीड वीत लांब ठेवा.

ऐकत राहा. रामराम.