घनफळाची आज्ञावली वर्गात लिहून घेताना
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



गावाच्या सार्वजनिक विहिरीत ब्लीचिंग पावडर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या बोलीतील टी.सी.एल., टाकावयाची असते तेव्हा विहिरीत पाणी किती आहे हा प्रश्न प्रथम येतो. कारण पावडरीचे प्रमाण पाण्याच्या प्रमाणावर ठरते. गोल बांधणीची विहीर ही गणिताच्या भाषेत वृत्तचिती होय. वृत्तचितीचे घनफळ वरच्या वर्गातील मुलांस शिकविले जाते, आणि सूत्रही बहुतेकांस मुखोद्गत असते. परंतु तोच विद्यार्थी विहिरीजवळ उभा राहिला की गोंधळतो. कठड्यावरून आडवी दोरी धरली असता जे माप मिळते तो व्यास. सूत्रात हवी असते ती त्रिज्या. पाठांतरात हे अंतर कळून येत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च प्राथमिक वयातील मुलांना संगणकाच्या आज्ञावलीची ओळख करून द्यावी असे म्हटले आहे. हा नवा विषय कोठून आरंभावा, असा प्रश्न शिक्षकांपुढे साहजिकच उभा राहतो. घनफळ हा त्याकरिता उत्तम आरंभ आहे. यंत्राला काहीही गृहीत धरता येत नाही. त्यास सर्व काही क्रमाने व निःसंदिग्ध शब्दांत सांगावे लागते. तसे सांगताना विद्यार्थ्यास स्वतःस काय समजले आहे आणि काय समजलेले नाही, ते उघडे पडते. खरा लाभ हाच आहे. संगणकाने गुणाकार करून दिला हा नव्हे.

पहिला पाठ संगणकाविना घ्यावा. शिक्षकाने स्वतः दोरीला वजन बांधून ती विहिरीत तळापर्यंत सोडावी आणि वर काढावी; दोरीचा जेवढा भाग ओला झाला तेवढी पाण्याची खोली. मुलांना कठड्यापासून दूर उभे करावे, हे सांगणे नलगे. समजा, व्यास ४ मीटर भरला आणि खोली ३ मीटर. वर्गात परतल्यावर एका विद्यार्थ्यास फळ्याजवळ यंत्र म्हणून उभे करावे. त्याने सांगितले तेवढेच करावयाचे, मनाने काही भरावयाचे नाही. इतरांनी आज्ञा द्याव्या. 'घनफळ काढ' एवढ्यावर यंत्र हालत नाही. 'व्यास विचार, खोली विचार, व्यासाचे दोन समान भाग कर व एका भागास त्रिज्या म्हण, त्रिज्येला त्रिज्येने गुण, त्यास ३.१४१६ ने गुण, मग खोलीने गुण, शेवटी १००० ने गुणून लिटर सांग' असे म्हटल्यावरच उत्तर येते: सुमारे ३७,६९९ लिटर.

आता व्यासाचे दोन भाग करण्याची आज्ञा पुसून टाकावी आणि ४ हीच त्रिज्या समजून तोच क्रम पुन्हा चालवावा. उत्तर येते सुमारे १,५०,७९७ लिटर, म्हणजे चौपट. यंत्राने कोठेही कुरकुर केली नाही. या हिशेबाने टाकलेली पावडरही चौपटच पडली असती. ३.१४१६ घ्यावे की बावीस सप्तमांश, यावर वर्गात नेहमी वाद होतो. या विहिरीपुरता त्या दोहोंतील फरक अवघा १५ लिटरांचा, म्हणजे एका घागरीचा आहे. त्रिज्येची चूक मात्र एक लक्षाहून अधिक लिटरांची होते. वाद कोठे घालावा हे मुलांना या दोन आकड्यांवरून आपोआप कळते.

यानंतर संगणकाकडे वळावे. पायथॉन ही भाषा आरंभासाठी सोयीची आहे. तिच्या ठराविक आज्ञा इंग्रजी असल्या तरी राशींना त्रिज्या, उंची, घनफळ अशी मराठी नावे देवनागरीत देता येतात, ही गोष्ट पुष्कळ शिक्षकांना ठाऊक नसते. विद्यार्थ्याने देवनागरी अंक टंकित केला तरी तो संख्या म्हणून वाचला जातो. उत्तर मात्र इंग्रजी अंकांत येते.

येथे एक खाचखळगा हटकून भेटतो. इनपुट या आज्ञेने घेतलेली संख्या यंत्राच्या लेखी संख्या नसून अक्षरे असतात. ७ घेऊन तिला ३ ने गुणावयास सांगितले तर २१ न येता ७७७ येते. कारण यंत्राने ते अक्षर तीनदा लिहिले. फ्लोट या आज्ञेने त्या अक्षराची संख्या करावी लागते. ७७७ पाहून वर्ग हसतो, आणि ती आज्ञा मग कोणी विसरत नाही. अशी चूक शिक्षकाने आधीच टाळून देऊ नये.

एका आकाराची आज्ञावली चालू लागली की इष्टिकाचिती, घन व शंकू तीत घालावे, आणि कोणता आकार हवा ते प्रथम विचारावे. प्रत्येक सूत्र घालण्यापूर्वी उत्तर ठाऊक असलेले एक उदाहरण वहीत लिहून ठेवण्याची शिस्त लावावी. १० सेंटिमीटर बाजूच्या घनात एक लिटर पाणी मावलेच पाहिजे. न मावल्यास चूक आज्ञावलीत आहे. शंकूसाठी सारख्याच तोंडाचे व उंचीचे पुठ्ठ्याचे शंकू व नळकांडे करून वाळू भरावी. तीन शंकूंत नळकांडे भरते.

गोलाच्या सूत्रात चार तृतीयांश येतात. सी या भाषेत ४ भागिले ३ असे पूर्णांकांत लिहिले तर अपूर्णांक गळून १ उरतो, आणि गोल चौथ्या हिश्श्याने लहान होतो. आजच्या पायथॉनमध्ये ही अडचण नाही. जुन्या आवृत्तीत, जिचा सांभाळ २०२० च्या आरंभी बंद झाला, ती होती.

गोलाचीच आणखी एक कथा वर्गात सांगण्याजोगी आहे. आर्यभटांनी ४९९ च्या सुमारास आपल्या ग्रंथात गोलाच्या घनफळाचा नियम दिला: वर्तुळाचे क्षेत्रफळ त्याच्याच वर्गमुळाने गुणावे. एवढ्या थोर गणितज्ञाचा हा नियम बरोबर नव्हता. ११५० मधील लीलावतीत भास्कराचार्यांनी गोलाचे पृष्ठफळ व्यासाने गुणून सहाने भागावे असे सांगितले, ते बरोबर आहे. (त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावानजीक पाटण येथे आहे, सहलीचे ठिकाण ठरविताना त्याचा विचार व्हावा.)

हे दोन्ही नियम मुलांकडून एकाच आज्ञावलीत लिहून घ्यावे. ६ सेंटिमीटर व्यासाच्या गोलास एक नियम सुमारे ११३ घन सेंटिमीटर सांगतो, दुसरा सुमारे १५०. पडद्यावर दोन्ही आकडे सारख्याच ठामपणे उमटतात. कोणता खरा, हे पडदा सांगत नाही. तेव्हा लोहाराकडून त्या मापाचा लोखंडी गोळा मिळवावा, काठोकाठ भरलेल्या भांड्यात तो दोऱ्याने हळूच सोडावा, आणि सांडलेले पाणी मोजपात्रात धरावयास एका विद्यार्थ्यास सांगावे.