हयातीचा दाखला
(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



'तू सॉफ्टवेअरवाली, नव्या तंत्रज्ञानावर पाच मिनिटं बोल,' असं संयोजकांनी सांगितलं. बोलते, पण आधी आपला संगणक कक्ष आठवा. चपला बाहेर, पडदे ओढलेले आणि एका संगणकासमोर पाच जण. विंडोज ९५ बाजारात आलं होतं, आपल्याकडे मात्र डॉसचा काळा पडदाच. बेसिकमधल्या दोन ओळी लिहिल्या आणि माझं नाव पडद्यावर धावायला लागलं. थांबवायचं कसं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सर हात पाठीमागे बांधून उभे होते. म्हणाले, "दाबून बघा. मोडत नाही ते."

त्या वाक्यावर मी इंजिनिअर झाले. आता वीसेक वर्षं सॉफ्टवेअर लिहिते आहे.

बाबा गेल्यापासून आई गावी एकटीच असते. तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो डिजिटल पद्धतीनं काढता येतो. मागच्या वर्षी मीच आईला म्हटलं, "बँकेत रांगेत कशाला उभी राहतेस? बोट टेकवलं की झालं."

आई गेली. बोट टेकवलं, जुळेना. दुसरं, तिसरं, अंगठासुद्धा. पन्नास वर्षं भांडी घासून, शिवणकाम करून ठसे पुसट झालेले. तिथूनच तिनं मला फोन केला, "अगं, अवैध म्हणतंय मला."

मी मीटिंगमधून बाहेर आले होते. फोनवरूनच सूचना द्यायला लागले, "मोबाइलवर कर. वर तीन आडव्या रेघा आहेत, त्या दाब." आई म्हणाली, "कुठल्या रेघा?" तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा मी ओरडले, "इतकं साधं कसं कळत नाही तुला?"

पलीकडे शांतता. मग, "राहू दे, तू काम कर. बघते मी."

मला वाटलं, झालं असेल. संक्रांतीला घरी गेले, तेव्हा सहज पासबुक हातात आलं. डिसेंबरचं निवृत्तिवेतन जमाच झालं नव्हतं. आई डब्यातल्या साठवलेल्या पैशांवर भागवत होती. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेत होती. "सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "पुन्हा चिडली असतीस."

मित्रहो, 'अवैध' हा शब्द मी कामात शेकडो वेळा लिहिला आहे. तो वाचणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, हा विचार एकदाही केला नव्हता. आणि त्या यंत्रापेक्षा कठोर शब्द माझाच होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी खिडकीशी बसलो. २०२१ पासून चेहरा दाखवूनही हा दाखला काढता येतो. फोन आईच्याच हातात दिला. उजेड समोरून, चष्मा बाजूला, मग डोळ्यांची उघडझाप. पहिल्यांदा तिनं एकच डोळा मिटला. दोघी पोट धरून हसलो. चौथ्या खेपेला जमलं. आईनं विचारलं, "झाले का गं मी जिवंत?"

थकलेली रक्कम नंतर जमा झाली. बँकेत जाऊन कागदी दाखला देण्याची सोयही चालूच आहे, हे ज्यांना मोबाइलचं जमत नाही त्यांनी लक्षात ठेवावं. मी मात्र एक नियम केला आहे: पडद्यावर येणारं प्रत्येक वाक्य आधी आईला वाचून दाखवायचं. 'अवैध' ऐवजी आता 'ठसा नीट उमटला नाही, दुसरं बोट लावून पाहा' असं लिहिते. काम तेवढंच, शब्द चार जास्त.

तुमच्याही घरी असा फोन येत असेल. आपल्याला घाई असते, म्हणून आपण त्यांच्या हातून मोबाइल ओढून घेतो आणि दोन मिनिटांत काम उरकतो. त्यांना मात्र त्यातून काहीच येत नाही, फक्त आपण ओझं आहोत एवढं कळतं.

सर, तुम्ही आज समोर बसला आहात. त्या दिवशी तुम्ही एक कळ दाबून माझं नाव थांबवू शकला असता. तुम्ही हात पाठीमागेच ठेवलेत. तुमची ती शिकवण माझ्या ध्यानात यायला इतकी वर्षं लागली, त्याबद्दल क्षमा करा.