चित्राची शोभा आणि चित्राचा वेग

दादासाहेब फाळके यांनी 1912 च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रफितीवर टिपली. ठरावीक अंतराने एकेक चित्र घ्यावयाचे आणि कित्येक दिवसांची ती वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखवावयाची, अशी त्यांची योजना होती. चित्रपटाचे मर्म या लहानशा प्रयोगात सामावलेले आहे. प्रेक्षक समोर येऊन बसतो त्या वेळी प्रत्येक चित्र आधीच तयार असते. ते तयार करण्यास एक दिवस लागला की एक महिना, याचा पडद्यावरील वेगाशी काही संबंध नसतो.

व्हिडिओ गेममध्ये ही सवलत नाही. खेळणाऱ्याने बोट हलविल्यावर नायिका डावीकडे उडी घेईल की उजवीकडे, हे आधी कोणासच ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक चित्र त्या त्या क्षणी नव्याने काढावे लागते. सेकंदाला 60 चित्रे दाखवावयाची असतील तर एका चित्रासाठी मिळणारा अवधी 16.7 मिलिसेकंदांचा, 30 दाखवावयाची असतील तर 33.3 मिलिसेकंदांचा. तेवढ्यात यंत्राने बोटांची हालचाल वाचावयाची, कोण कोणावर आदळले ते ठरवावयाचे, प्रकाश कोठून पडतो आणि सावली कोठे जाते याचे गणित मांडावयाचे आणि मग रंग भरावयाचे. वेळ चुकली तर जुनेच चित्र पडद्यावर राहते. हालचाल अडखळते, आणि खेळणाऱ्याला आपला हात जड झाल्यासारखे वाटते. तलवार उगारली एका क्षणी आणि पडली दुसऱ्याच क्षणी, अशी स्थिती होते. सिनेमाला सेकंदाला 24 चित्रे पुरतात, मग येथे 60 कशाला, असा प्रश्न पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर डोळ्यांपेक्षा हातात अधिक आहे.

आता रंग भरण्याच्या कामाचे आकारमान पाहावे. 720 ओळींच्या पडद्यावर 9,21,600 ठिपके असतात, 1080 ओळींच्या पडद्यावर 20,73,600, आणि ज्याला 4के म्हणतात त्या पडद्यावर 82,94,400. अशी 4के चित्रे सेकंदाला 60 काढावयाची म्हणजे सुमारे 50 कोटी ठिपके दर सेकंदाला रंगवावयाचे. एकच शक्ती असते. ती शोभेवर खर्च करावी की वेगावर, एवढाच प्रश्न उरतो. म्हणूनच प्लेस्टेशन 5 किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स या 2020 साली आलेल्या यंत्रांवरील अनेक खेळ आरंभीच विचारतात: दर्जा हवा की गती? दर्जा निवडला तर पाण्यातील प्रतिबिंबे खरी वाटतात. गती निवडली तर प्रतिबिंबे फिकी पडतात, पण नायक बोटाबरोबर हलतो. खोक्यावर 4के ची अक्षरे मोठ्या दिमाखात छापलेली असतात. त्या चित्राचा वेग किती, हे मात्र तेथे क्वचितच आढळते.

हे गणित एका लहान संस्थेने कसे सोडविले, याचे उत्तम उदाहरण पुण्यात आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेत अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ घडविला. 2017 साली लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा प्रयत्न सफल झाला नाही. तरीही काम चालू राहिले आणि ऑगस्ट 2020 मध्ये खेळ प्रथम निन्टेन्डो स्विचवर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो इतर यंत्रांवरही उपलब्ध झाला, आणि वर्षअखेर ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये नवोदितांच्या उत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकन मिळाले.

स्विच हे 2017 सालचे, हातात धरून खेळावयाचे यंत्र. त्याची स्मृती 4 जीबीची, तर प्लेस्टेशन 5 ची 16 जीबीची. हातातल्या पडद्यावर 720 च ओळी. अशा यंत्रावर राजस्थानी धाटणीचे महाल, कोरीव खांब आणि जलाशय उभे करावयाचे होते. पुणेकरांनी कॅमेरा खेळणाऱ्याच्या स्वाधीन केला नाही; तो बहुतेक ठिकाणी त्यांनी स्वतःच ठरवून दिला. चौथ्या बाजूने कोणी पाहणारच नसेल तर ती बाजू सजविण्याचे कारण राहत नाही. पृष्ठभागांवर पहाडी शैलीच्या चित्रांची छाया असलेले रंगकाम केले. ठिपके कमी झाले तरी हाताने रंगविलेल्या भिंतीचे सौंदर्य फारसे उणावत नाही; छायाचित्रासारख्या हुबेहूब भिंतीचे मात्र उणावते. राजी आणि तिचा भाऊ गोलू यांच्या कथेचा बराचसा भाग छायाबाहुल्यांच्या प्रसंगांतून सांगितला आहे. सपाट आकृती आणि मागे दिवा! सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांना ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. चेहऱ्यावरील प्रत्येक सुरकुती दाखविण्याचा खर्च वाचतो आणि रस उणा होत नाही. काटकसरीला येथे अभिरुचीची जोड मिळाली, आणि या खेळाचे खरे यश त्यातच आहे असे म्हणावे लागेल.

दुसरी काटकसर अंतराची. दिल्लीच्या टेकडीवर हिंदूराव रुग्णालयाजवळ अशोकाचा एक स्तंभ आहे. बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांची कोठी याच परिसरात होती. त्यांचेच नाव पुढे रुग्णालयास लाभले. पाच तुकडे होऊन पुन्हा जोडलेल्या त्या स्तंभाशी उभे राहिल्यास सांधे स्पष्ट दिसतात, दूरच्या वस्तीतील घरांच्या मात्र कडाच काय त्या कळतात. गेमचे यंत्र हाच न्याय लावते. जवळच्या स्तंभाची आकृती हजारो त्रिकोणांची, दूरच्याची मूठभर त्रिकोणांची. खेळाडू पुढे चालू लागला की एकीच्या जागी दुसरी ठेवली जाते. ही अदलाबदल डोळ्यांना जाणवू न देणे, हे मोठे कसब होय.

साधनसंपन्न संस्थांनाही हा हिशेब चुकतो. पोलंडमधील संस्थेने डिसेंबर 2020 मध्ये प्रसिद्ध केलेला ‘सायबरपंक 2077’ नव्या यंत्रांवर नेत्रदीपक दिसला. परंतु 2013 सालच्या प्लेस्टेशन 4 वर तो इतका अडखळू लागला की सोनीने आठवडाभरातच आपल्या दुकानातून तो काढून घेतला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. जून 2021 मध्ये तो पुन्हा विक्रीस आला. पुण्याच्या संस्थेला असा धक्का सोसवला असता काय, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

अलीकडे एक तिसरा मार्ग निघाला आहे. यंत्राने लहान चित्र काढावयाचे आणि शिकविलेल्या गणिती पद्धतीने ते मोठे करून दाखवावयाचे. नोव्हेंबर 2024 मधील प्लेस्टेशन 5 प्रो आणि जून 2025 मधील स्विच 2 ही दोन्ही यंत्रे या युक्तीचा आधार घेतात. वेगाने फिरणारे चाक, बारीक जाळी, उडणारे केस अशा ठिकाणी अंदाज कधी कधी फसतो आणि कडा थरथरू लागतात. स्थिर चित्रात हा दोष दिसत नाही, म्हणून जाहिरातीतील चित्रावरून त्याची पारख होऊ शकत नाही. शिवाय घरातील दूरदर्शन संच सेकंदाला 60 च चित्रे दाखवू शकत असेल, तर यंत्राने 120 काढूनही वरची 60 पडद्यावर येत नाहीत. पुष्कळ संचांत खेळासाठी वेगळी योजना असते. ती चालू केल्यास संच स्वतःचे रंगसंस्कार कमी करतो आणि हात व चित्र यांतील अंतर घटते. विकत घेतल्यापासून ती योजना बंदच राहिली आहे, अशी घरे थोडी नसतील.