ऐकू येणारा वर्ग



साहित्य संस्थेच्या व्यासपीठावरून एका डॉक्टरने वर्गखोलीविषयी बोलावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. पण भाषा डोळ्यांनी वाचण्याआधी मूल ती कानांनी घेते. गोष्ट, कविता, पाढे, सारे आधी ऐकलेले असते. त्या कानाची वर्गात काय अवस्था होते, एवढाच माझा आजचा विषय.

शाळा सुरू झाल्या की दवाखान्यात पालक मुलाला पुढे करून सांगतात, "डॉक्टर, याचे वर्गात लक्षच नसते. स्मरणशक्तीसाठी काहीतरी द्या." मी पुडी बांधण्याआधी विचारतो: हा कोणत्या बाकावर बसतो? आणि वर्गाची खिडकी कुठे उघडते? बहुतेकांना सांगता येत नाही. मुलाचे गुण आपल्याला तोंडपाठ असतात, त्याची खोली आपण पाहिलेली नसते.

खोलीने किती फरक पडतो, याचे एक नामांकित उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला 'पब्लिक स्कूल ९८' या शाळेजवळून खांबांवरचा रेल्वेमार्ग जातो. दर चार-पाच मिनिटांनी गाडी धडधडत जाई आणि शिक्षकांना बोलणे थांबवावे लागे. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने रुळांकडच्या वर्गांतील मुलांचे वाचनाचे गुण पलीकडच्या शांत वर्गांशी ताडून पाहिले. ते काम १९७५ साली प्रसिद्ध झाले. शाळा एकच, अभ्यासक्रम एकच. तरी सहावीपर्यंत गोंगाटाकडची मुले जवळजवळ एक वर्ष मागे पडलेली होती. मग रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या गेल्या आणि सर्वांत त्रासाच्या वर्गांना आवाज शोषणारी छते लागली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत दोन्ही बाजूंची मुले बरोबरीला आलेली दिसली.

आपल्याकडे रेल्वे नसेल, पण रिक्षांचे हॉर्न आहेत, शेजारच्या वर्गाचा पाढ्यांचा गजर आहे, गरगरणारे पंखे आहेत. आणि खानापूरकडच्या पावसात पत्र्याखालचा वर्ग कसा असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यात बाहेरचा आवाज हा अर्धाच भाग. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणजे दोन मीटरवरच्या बाकाला जे मिळते, त्यापेक्षा आठ मीटरवर बारा डेसिबल कमी. खोलीत भिंती थोडी भर घालतात, पण ती घुमलेली असते. एका शब्दाच्या शेपटीवर दुसरा शब्द पाय देतो. जागतिक आरोग्य संघटनेने वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपर्यंतच असावा आणि घुमणे साधारण ०.६ सेकंदात विरावे, असे सुचवले आहे.

मोठ्या माणसाचा एखादा शब्द हुकला तर तो संदर्भावरून भरून काढतो. लहान मुलाचा शब्दसाठाच अजून तुटपुंजा, ते कुठून भरणार? आणि इथे आपल्या घरांचा खास प्रश्न येतो. आपली नातवंडे घरी मराठी बोलतात आणि शाळेत कन्नड, हिंदी, तेलुगू, गुजराती किंवा इंग्रजीतून शिकतात. परक्या भाषेतले बोलणे गोंगाटात अधिक लवकर निसटते. घरची भाषा वेगळी असलेले मूल म्हणूनच शेवटच्या बाकावर दुप्पट गमावते. मग ते खिडकीबाहेर बघते आणि आपण त्याला 'उनाड' म्हणून मोकळे होतो. दोष मात्र कधी मुलावर, कधी मराठीवर जातो.

उपाय फार महाग नाहीत. वर्ग रिकामा असताना मधोमध उभे राहून टाळी वाजवा. ती रेंगाळली तर खोली घुमते. मागच्या भिंतीला सॉफ्टबोर्ड, खिडक्यांना जाड कापडी पडदे, बाकांच्या पायांना रबराचे बूट, पत्र्याखाली आवाज शोषणारे छत. पडदे लावताना हवा आणि उजेड मात्र अडवू नका. झाडांची एक ओळ सावली देते, आवाज फारसा अडवत नाही. तिच्यावर विसंबू नका. बाक दर पंधरवड्याला फिरवले तर एकही पैसा लागत नाही. आणि मूल वारंवार सर्दीने बेजार असेल तर त्याचे कान तज्ज्ञाकडून तपासून घ्या. पडद्यामागे पाणी साचले की लहान मुलांना काही काळ कमी ऐकू येते, आणि ते स्वतः सांगत नाही.

आमच्या जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. शांत वर्ग देणे हे मला शास्त्रदानच वाटते. आपल्या गावोगावच्या शाळा आपल्याच आजोबा-पणजोबांच्या देणग्यांवर उभ्या राहिल्या. यापुढे शाळेला देणगी देताना कमान आणि रंगरंगोटी जरा मागे ठेवा. आधी शेवटच्या बाकावर दहा मिनिटे बसा आणि गुरुजींचे बोलणे ऐका. जे ऐकू येणार नाही, त्यासाठी पैसे द्या. छतावर तुमच्या नावाची पाटी लावता येणार नाही, पण त्याखालचे मूल घरी आल्यावर आज काय शिकलो ते सांगू शकेल.