गेल्या वर्षीची माझी पुस्तके

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी कादंबऱ्या लिहिते. पण गेल्या वर्षी तीन पुस्तकांनी मलाच धडा दिला. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून, साऱ्या दोषांचे खापर बाईच्याच माथी का, असे खडसावून विचारले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’नी हसवता हसवता रडविले. बेबीताई कांबळे यांनी दुकान सांभाळून, घरच्यांपासून लपवून ‘जिणं आमुचं’ लिहिले. ते १९८६ साली पुस्तकरूपाने आले.

या तिघींनी खरे ते लिहिले. मला तेवढे धैर्य झाले नव्हते. माझी आई इथेच, भंडाऱ्यात, तेंदूपानाच्या विड्या वळीत असे. माझ्या एकाही कादंबरीत ती आली नाही. मला लाज वाटे. आता तिच्यावरच लिहावयास बसले आहे.

ही तिन्ही पुस्तके मंडळाच्या कपाटात ठेवीत आहे. भगिनींनी ती जरूर न्यावीत.