मिळालेले आणि निवडलेले

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात जयपूर येथील जवाहर नगरात माजी विद्यार्थी व मराठी कुटुंबांसमोर दिलेले व्याख्यान)



माणसाच्या आयुष्यातील आरंभीच्या बहुतेक गोष्टी त्याला न विचारताच ठरलेल्या असतात. जन्मगाव, आईवडील, मातृभाषा, घरची सुबत्ता किंवा ओढग्रस्त, इतकेच काय, ज्या नावाने त्याला जन्मभर हाक मारली जाणार ते नावही दुसऱ्यांनीच ठेवलेले असते. शाळेचेही तसेच. सहा वर्षांच्या मुलाचे बोट धरून पालक त्याला मराठी शाळेच्या दारात आणून सोडतात, तेव्हा माध्यम कोणते हवे असे त्याला कोणी विचारत नाही. एवढे सगळे आधीच ठरलेले असताना माणूस घडतो तो कोणाच्या हातून? परिस्थितीच्या, की स्वतःच्या?

ज्या वस्तीत आज ही सभा भरली आहे, तिच्या आसपास हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. जवाहर नगराच्या शेजारी आदर्श नगर आणि राजा पार्कच्या बाजूस फाळणीनंतर आलेली सिंधी व पंजाबी कुटुंबे स्थिरावली. गाव सोडण्याची निवड त्यांची नव्हती. नोकरीधंद्याच्या निमित्ताने महाराष्ट्रातून येथे आलेल्या कुटुंबांची गोष्ट एवढी दुःखद नाही. परंतु बदलीचा हुकूम तरी कोठे कोणाला विचारून निघतो? आपण कोठे येऊन पडलो हे पुष्कळदा आपल्या हाती नसते. येथे येऊन आपण कोण झालो, यात मात्र आपला वाटा असतो. तो वाटा किती, हे पाहण्यासाठी याच भूमीत जन्मलेल्या आणि महाराष्ट्रात वाढलेल्या एका पुरुषाचे चरित्र फार उपयोगी पडते. ते म्हणजे जमनालाल बजाज.

तत्कालीन जयपूर संस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा गावी ४ नोव्हेंबर १८८९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील कनीराम हे साध्या परिस्थितीतील गृहस्थ. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेठ बच्छराज यांच्या कुटुंबाला हा मुलगा आवडला आणि त्यांनी तो दत्तक मागितला. मुलाच्या बदल्यात पैसा घेण्यास कनीरामांनी नकार दिला आणि गावात पाण्याची सोय नसल्याने एक विहीर बांधून मागितली, अशी आठवण सांगितली जाते. पाचएक वर्षांचे ते पोर अशा रीतीने वाळवंटाच्या कडेवरून वऱ्हाडाशेजारच्या कापसाच्या पेठेत आले. घर बदलले, आईवडील बदलले, बोलीही बदलली. या साऱ्यांत त्याची स्वतःची इच्छा अशी काहीच नव्हती. शालेय शिक्षण तर अगदी थोडे झाले. नऊ वर्षांच्या जानकीदेवींशी १९०२ मध्ये विवाह झाला, तोही वडीलधाऱ्यांनीच ठरविलेला.

येथवरच्या आयुष्याचे वर्णन एका शब्दात करायचे तर तो शब्द ‘मिळालेले’ हाच होय. निवडलेले असे त्यात पहिल्यांदा दिसते ते एक लहानसे कृत्य. हातखर्चासाठी मिळणाऱ्या पैशांतून साठविलेले शंभर रुपये या मुलाने टिळकांच्या ‘हिंदी केसरी’साठी दिले. घरच्या पेढीच्या मानाने रक्कम क्षुल्लक होती. परंतु ती द्यायला कोणी सांगितले नव्हते, हे तिचे मोल.

१९०७ मध्ये मोठा प्रसंग उभा राहिला. एका लग्नाला जाताना दागिने घालण्यावरून आजोबा आणि नातू यांच्यात खटका उडाला. बच्छराज तापट स्वभावाचे होते. आपल्या संपत्तीवर हा ऐट मिरवतो, अशा अर्थाचे काही बोलून गेले. सतरा वर्षांच्या जमनालालांनी प्रत्युत्तर दिले नाही. त्यांनी मुद्रांकित कागद घेतला आणि आजोबांच्या संपत्तीवर आपला कोणताही हक्क यापुढे राहणार नाही, असे लिहून देऊन घर सोडले. पत्र मुद्रांकित कागदावर लिहिण्यात त्या वयाला न साजेसा विचार होता. पुढे आपलेच मन फिरले, तर त्यालाही वाट राहू नये, अशी ती तजवीज होती.

अशा प्रसंगावर चरित्रे लिहिली जातात, आणि लिहिणारे बहुधा येथेच थांबतात. त्यागाचा क्षण झळाळता असतो, डोळे दिपवतो. खरी कसोटी मात्र त्यानंतर लागली. मंडळींनी समजूत घालून मुलाला परत आणले. थोड्याच काळात बच्छराज निवर्तले आणि सारी दौलत पुन्हा त्याच मुलाच्या हाती आली. सोडलेली वस्तू परत दारात येऊन उभी राहिली! आता कोणाचा टोमणा नव्हता, कोणाचा धाक नव्हता, आणि ते पत्र दाखवून जाब विचारणाराही कोणी उरला नव्हता. रागाच्या भरात लिहिलेला कागद विसरून जाणे अगदी सोपे होते.

जमनालाल तो कागद विसरले नाहीत. ज्या संपत्तीवर आपण पाणी सोडले तिचे आपण मालक नव्हे, केवळ सांभाळणारे आहोत, ही भावना त्यांनी पुढची पस्तीस वर्षे जपली. गांधीजींची विश्वस्तवृत्तीची कल्पना त्यांच्या वाट्याला पुढे आली. तिची मुळे त्यांच्या मनात सतराव्या वर्षीच रुजली होती. व्यापार त्यांनी सोडला नाही, उलट सचोटीने वाढविला. आंतरिक स्वातंत्र्य म्हणजे व्यवहारातून पळ काढणे नव्हे, हे त्यांच्या उदाहरणातून स्पष्ट होते. धन घरात होते, पण घरधनी झाले नव्हते.

त्यानंतरच्या निवडी एकामागून एक येत गेल्या. १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. त्याच सुमारास त्यांनी गांधीजींकडे एक विलक्षण मागणी केली : आपल्याला पाचवा पुत्र माना. लहानपणी ज्याला दुसऱ्यांनी दत्तक दिले, त्याने तिशीत आल्यावर स्वतः आपला पिता निवडला. १९२१ मध्ये सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी परत केली. त्याच वर्षी विनोबा भावे वर्ध्यास आले, आणि जमनालालांनी आपली मुले इंग्रजी वळणाच्या शाळांऐवजी विनोबांच्या आश्रमात शिकण्यास ठेवली. १९२३ मध्ये नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांनी कारावास पत्करला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्या बंदिवानांमध्ये जमनालालही होते. भिंती, कुलपे, पहारे सारे जागच्या जागी असताना त्या तुरुंगात मराठीतील एक थोर ग्रंथ जन्मला. बंधन देहाला पडते. मनाने ते स्वीकारायचे की नाही, हे मनच ठरविते.

येथे एक शंका रास्तपणे उपस्थित होते. धनिकाला त्याग परवडतो. ज्याच्या हाती काहीच नाही त्याने काय सोडायचे आणि काय निवडायचे? निवडीचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे वाटून मिळत नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराच्या पायऱ्या चढण्याची मुभा ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नव्हती, त्यांना आंतरिक स्वातंत्र्याचे पाठ देणे ही थट्टाच ठरली असती. जमनालालांनी ते पाठ दिले नाहीत. १९२८ च्या जुलैमध्ये त्यांनी आपल्या घराण्याचे ते मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले केले. स्वजातीतील सनातनी मंडळींचा रोष आणि बहिष्कार त्यांच्या वाट्यास आला; तो त्यांनी सोसला. ज्या स्वातंत्र्याने दुसऱ्यासाठी एखादे दार उघडत नाही, ते केवळ आत्मसंतोष होय. आपल्या निवडीने दुसऱ्याच्या निवडीला जागा झाली का, हीच तिची पारख.

जानकीदेवींच्या आयुष्यातही हेच दिसते, आणि ते अधिक बोलके आहे. पतीच्या निर्णयांमागे त्या प्रथम पत्नीधर्म म्हणून गेल्या. दागिने उतरविले, खादी नेसल्या, पडदा सोडला. या गोष्टी आरंभी पतीच्या सांगण्यावरून झाल्या असतील. परंतु ज्या स्त्रीचे तोंड परक्याने पाहिले नव्हते तीच पुढे भर सभेत बोलू लागली, तेव्हा ते बोलणे तिचे स्वतःचे होते. पतीच्या निधनानंतर त्यांनी गोसेवेचे व्रत चालविले. विनोबांच्या भूदान आणि कूपदान चळवळींत त्या हिंडल्या, म्हणजे जेथे पाणी नाही तेथे विहिरी व्हाव्यात म्हणून त्यांनी दारोदार दान मागितले. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. अनुकरणाने सुरू झालेली वाटही चालता चालता स्वतःची होऊ शकते, याहून मोठा दिलासा विद्यार्थ्यांना कोणता द्यावा?

आता पुन्हा जयपूरकडे येऊ. १९३८ मध्ये जमनालाल जयपूर राज्य प्रजामंडळाचे अध्यक्ष होते. शेखावाटीत दुष्काळ पडला होता. मदतकार्यासाठी ते डिसेंबरच्या अखेरीस येण्यास निघाले, तेव्हा सवाई माधोपूर स्थानकावर त्यांना संस्थानबंदीचा हुकूम दाखविण्यात आला. ज्या मातीत जन्म झाला तिथेच पाऊल ठेवण्यास मनाई! वर्ध्यात त्यांना काय उणे होते? घर होते, पेढी होती, साऱ्या देशात मान होता. लहानपणीच ज्या गावाने त्यांना निरोप दिला, त्या गावासाठी तुरुंगात जाण्याचे कोणतेही बंधन त्यांच्यावर नव्हते. तरी फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांनी बंदी मोडली. पोलिसांनी हद्दीबाहेर नेऊन सोडले. ते पुन्हा आले. अखेर त्यांना मोरांसागर येथे आणि नंतर जयपूरजवळ कर्णावतों का बाग येथे स्थानबद्ध ठेवण्यात आले. ऑगस्टमध्ये सुटका झाली. जन्मभूमी त्यांना प्रथम योगायोगाने मिळाली होती. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी ती स्वेच्छेने आपली केली.

त्यांची रोजनिशी आणि गांधीजींशी झालेला पत्रव्यवहार वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. हा मनुष्य स्वतःवर कधी खूश नव्हता. मनातील विकार, उणिवा, अस्वस्थता तो गांधीजींपुढे मोकळेपणी मांडत राहिला. एकदा निवड केली आणि आयुष्यभराची शांती मिळाली, असे झाले नाही. अखेरच्या काळात वर्ध्याच्या गोपुरीत कुटी बांधून गोसेवेत मन रमविले, आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, देह ठेवला. आंतरिक स्वातंत्र्य ही एकदा मिळवून तिजोरीत ठेवण्याची चीज नव्हे. दररोज सकाळी विहिरीतून पाणी शेंदावे, तसे ते दररोज शेंदावे लागते.

शाळेच्या हीरक महोत्सवात हे चरित्र आठवण्याला आणखी एक कारण आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला झालेली शिक्षण परिषद, जिच्यातून ‘नई तालीम’चा विचार देशापुढे आला, ती जमनालालांच्या परिश्रमाने उभ्या राहिलेल्या मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने भरली होती. शिक्षण मातृभाषेतून असावे आणि हाताच्या कामाशी जोडलेले असावे, असे त्या परिषदेने ठरविले. एका शाळेच्या उत्सवाने हारतुऱ्यांपलीकडे जाऊन देशाला प्रश्न विचारला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तेव्हा साठ वर्षांच्या या टप्प्यावर विचारण्याजोगा प्रश्न असा : मराठी शाळा आपल्याला मिळाली, ती आपण निवडली का? बालपणी पालकांनी दिलेली ही देणगी मोठेपणी अनेकांच्या हातून निसटते. नोकरीत ती अडचण वाटते, परप्रांतात तिचा संकोच वाटतो, आणि आपल्या मुलांच्या वेळी तिचा विचारही होत नाही. याबद्दल कोणास दोष देण्याचे कारण नाही. परिस्थितीचे रेटे खरे असतात. तरीही जो जयपुरात राहून घरी मराठी पुस्तक उघडतो, हिंदीही तितक्याच प्रेमाने बोलतो आणि दोहोंपैकी एकीचाही कमीपणा मानत नाही, त्याने मिळालेले निवडून घेतले आहे. ती भाषा आता त्याच्या पालकांची राहिली नाही, त्याची स्वतःची झाली.

शिक्षकांचे काम मुलांसाठी निवडी करणे एवढेच नाही. एके दिवशी मूल स्वतः निवडेल, कदाचित शिक्षकांच्या इच्छेविरुद्धही निवडेल, त्या दिवसाची तयारी करून घेणे हे अधिक कठीण काम आहे. ज्या शाळेतून आज्ञाधारक मुले बाहेर पडतात ती शिस्तीची शाळा. ज्या शाळेतून आपल्या शब्दाला जागणारी माणसे बाहेर पडतात, ती शाळा समाजाची ठेव होय. या शाळेची पुढील वर्षे त्या ठेवीत भर घालणारी होवोत, हीच शुभेच्छा.